ग्राहकाचे मत आणि किशोरवयीन मुले

दिवाळी आटोपली आणि धानाच्या कापणीचे काम हातावेगळे झाले, की पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडईच्या आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव मंडप उभे राहतात. वडशाच्या नाटकमंडळ्यांच्या गाड्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील आडवाटा तुडवू लागतात. आणि रात्री उशिरा सुरू झालेला प्रयोग कित्येकदा पहाटेपर्यंत चालतो. पडदा पडल्यावर नाटक संपते, परंतु त्याचा न्यायनिवाडा तेथूनच सुरू होतो. नाटक कसे होते, नट कसा होता, तिकिटाचे पैसे वसूल झाले की नाही, हे दुसऱ्या दिवशी विहिरीवर, पानठेल्यावर आणि शाळेच्या वाटेवर बोलले जाते. त्या बोलण्यावर पुढच्या गावची गर्दी अवलंबून असते. हे मत हिरीरीने आणि पुन्हा पुन्हा सांगणाऱ्यांत 14-15 वर्षांची मुले मागे नसतात. रात्रभर जागून आलेल्या मुलाचे डोळे तांबारलेले असतात, परंतु वर्गातील मित्रांना नाटकाची हकीकत सांगताना त्याला झोप आठवत नाही.

तात्पर्य, घेतलेल्या किंवा पाहिलेल्या गोष्टीविषयी चारचौघांत मत देणे ही किशोरवयाची जुनीच हौस आहे. नवे आहे ते साधन. ज्या मुलाचे मत पूर्वी चार गावांपलीकडे जात नसे, त्याच्या हाती आज मोबाइल आहे. विकत आणलेला बूट, कानाला लावावयाचे हेडफोन, खानावळीतील बिर्याणी, शिकवणीचा वर्ग, सहलीचे ठिकाण ह्यांपैकी कशालाही तो 5 पैकी कितीही तारे देऊ शकतो, खाली दोन ओळी लिहू शकतो, छायाचित्र जोडू शकतो किंवा छोटासा व्हिडिओ करून तो सर्वांसाठी खुला करू शकतो. व्यवहारात ह्यालाच रिव्ह्यू म्हणतात. मराठीत त्यास अभिप्राय म्हणावे.

तोंडी मत आणि असा अभिप्राय ह्यांत तीन मोठे भेद आहेत. पहिला असा, की तोंडी मत ऐकणारा मनुष्य सांगणाऱ्यास ओळखतो. हा मुलगा कोणाचा, ह्याला नाटकातले कितपत कळते, ह्याची मंडळीच्या मालकाशी सोयरीक आहे काय, हे सारे त्यास ठाऊक असते. इंटरनेटवरील अभिप्राय वाचणाऱ्यास ह्यांतले काहीच ठाऊक नसते. दुसरा भेद टिकाऊपणाचा. पानठेल्यावरचे बोलणे हंगामाबरोबर संपते. लिहिलेला अभिप्राय वर्षानुवर्षे राहतो. तिसरा भेद संख्येचा. शेकडो मते एकत्र करून त्यांची सरासरी काढली जाते, आणि ‘4.3’ किंवा ‘2.8’ असा एक आकडा त्या वस्तूच्या कपाळी लागतो. पुढचा ग्राहक पुष्कळदा तेवढाच आकडा पाहून निर्णय घेतो. ज्या मुलाला कायद्याने अद्याप स्वतंत्रपणे करार करता येत नाही, त्याचा शब्द असा बाजाराच्या हिशेबात मोजला जातो. म्हणूनच हा शब्द तो कोणत्या प्रेरणेने देतो, हे घरातील वडीलधाऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

वनप्रदेशात ह्या प्रश्नाला एक निराळे महत्त्व आहे. 26 ऑगस्ट 1982 रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचा दोनतृतीयांशाहून अधिक भूभाग वनाने व्यापलेला आहे. सिरोंचा, भामरागड, एटापल्ली अशा तालुक्यांतून मोठी बाजारपेठ दूर पडते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला म्हणजे भामरागडचा रस्ताच तुटतो. मग मागविलेली वस्तू पूर ओसरण्याची वाट पाहत कोठेतरी पडून राहते. शहरातील ग्राहक चार दुकाने हिंडून, कापड चिमटीत धरून, बूट पायात घालून पारखू शकतो. दूरच्या गावातील मुलास ती सोय नाही. त्याला दुसऱ्याच्या अनुभवावाचून गत्यंतर नसते. जो दुसऱ्याचे अभिप्राय वाचून वस्तू निवडतो, त्यास आपलाही अनुभव सांगावा असे सहजच वाटू लागते. 2016 नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि 2020 साली कोरोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या, तेव्हा अभ्यासाच्या निमित्ताने अनेक घरांत फोन मुलांच्या हाती आला. अभ्यासाबरोबर बाजारही त्याच दाराने घरात शिरला.

स्थानिक अनुभवाचे मोलही येथे अधिक आहे. चंद्रपूरचा उन्हाळा देशात प्रसिद्ध आहे. मे महिन्यात तेथील पारा 46-47 अंशांपर्यंत चढतो. मुंबईच्या दमट हवेत राहणाऱ्या ग्राहकाने एखाद्या कूलरची निंदा केली, तरी तोच कूलर चंद्रपूरच्या कोरड्या झळांत उत्तम काम देण्याचा संभव आहे. कारण पाण्याची वाफ होऊन हवा थंड व्हावयाची तर मूळ हवा कोरडी असावी लागते. उलट पुण्याच्या मुलाने वाखाणलेल्या बुटाचा तळ बल्लारपूरच्या तापलेल्या डांबरावर टिकेलच असे नाही. म्हणून चंद्रपूरच्या मुलीने दोन महिने वापरून लिहिलेल्या चार ओळी तिच्या शेजारपाजारच्या ग्राहकाला परगावच्या 400 ओळींहून अधिक उपयोगी पडतात. वनप्रदेशातील मुले मत देतात, ही गोष्ट मुळात वाईट नाही. उलट तिची गरज आहे. प्रश्न आहे तो मताच्या मागे अनुभव आहे की दुसरेच काही, हा.

मनुष्य वस्तूंविषयी का बोलतो, ह्याचा विचार इंटरनेटच्या पुष्कळ आधी झालेला आहे. अर्नेस्ट डिक्टर ह्या अभ्यासकाने 1966 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात ह्याची चार कारणे सांगितली. वस्तूचा आनंद इतका होतो की तो मनात मावत नाही, हे पहिले. बोलल्याने स्वतःला महत्त्व येते, हे दुसरे. दुसऱ्याचे भले व्हावे अशी इच्छा असते, हे तिसरे. आणि जाहिरातच बोलण्यासारखी असते, हे चौथे. पुढे 2004 साली जर्मनीत थॉर्स्टन हेनिग-थुराऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवर मते देणाऱ्या सुमारे 2,000 ग्राहकांची पाहणी केली. लोकांशी संबंध जोडण्याची इच्छा, पैशाचा किंवा सवलतीचा लाभ, इतर ग्राहकांविषयीची कळकळ आणि स्वतःची किंमत वाढविण्याची आकांक्षा ह्या प्रेरणा त्यांना प्रमुख आढळल्या. प्रौढ आणि किशोर दोघांच्याही ठायी ह्या प्रेरणा असतात. परंतु किशोरवयात त्यांचे प्रमाण बदलते. संबंधांची इच्छा आणि स्वतःची किंमत ह्या दोन गोष्टी त्या वयात इतर सर्वांवर मात करतात.

ह्याचे कारण त्या वयाच्या घडणीतच आहे. लहान मूल आईबापांच्या डोळ्यांत स्वतःला पाहते. किशोर मित्रांच्या डोळ्यांत पाहतो. अमेरिकेतील मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग ह्यांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 13 ते 16 वर्षांची मुले, 18 ते 22 वर्षांचे तरुण आणि 24 वर्षांवरील प्रौढ ह्यांना पडद्यावर मोटार हाकण्याचा खेळ देण्यात आला. काहींनी तो एकट्याने खेळला, काहींनी सोबत्यांच्या देखत. प्रौढांच्या वागण्यात त्यामुळे विशेष फरक पडला नाही. परंतु सोबती पाहत असताना किशोरांनी एकट्याने खेळणाऱ्यांपेक्षा बराच अधिक धोका पत्करला. सोबती केवळ पाहत असले तरी ह्या वयात मनाचा तोल बदलतो, हे त्यातून दिसले. अभिप्राय लिहिणारा मुलगा खोलीत एकटा बसलेला दिसतो, पण वस्तुतः तो कधीच एकटा नसतो. आपले लिहिणे वर्गातील गट वाचणार आहे, ही जाणीव त्याच्या बोटांशी बसलेली असते. मग साधा बूट ‘अप्रतिम’ होतो आणि किंचित खारट झालेली भाजी ‘फेकून देण्याच्या लायकीची’ ठरते. मधले शब्द मित्रांत कौतुक मिळवीत नाहीत, म्हणून ते गळून जातात.

ह्या कौतुकाचे आज नाणेच पडले आहे. त्यास ‘लाइक’ म्हणतात. लॉरेन शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 13 ते 18 वर्षांच्या मुलांना छायाचित्रे दाखविली आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचे निरीक्षण केले. प्रत्येक छायाचित्राखाली किती लाइक दाखवावयाचे, हे संशोधकांनीच ठरविलेले होते. ज्या छायाचित्राखाली आकडा मोठा, त्यालाच मुले स्वतःही पसंती देत होती. आणि आपल्या छायाचित्राला पुष्कळ लाइक मिळालेले दिसताच बक्षिसाच्या आनंदाशी संबंध असलेले मेंदूचे भाग अधिक चेतत होते. पाठीवर थाप मिळाल्याचा हा आनंद खोटा म्हणता येत नाही. परंतु थाप कशासाठी मिळाली, मत खरे होते म्हणून की झणझणीत होते म्हणून, हे तो आकडा सांगत नाही. मूल मात्र त्यावरून पुढच्या वेळी कसे लिहावे ते शिकते.

स्वतःची किंमत वाढविण्याची इच्छा नेहमीच पोकळ नसते. चंद्रपूरच्या एखाद्या मध्यमवर्गीय घरातील दहावीतली मुलगी डोळ्यांसमोर आणावी. आजीचा रक्तदाब मोजण्याचे यंत्र, आईचा मिक्सर, वडिलांची हेल्मेट, सारे तिनेच पाहून, ताडून मागविलेले असते. जेथे घरची भाषा गोंडी किंवा माडिया असते आणि मोबाइलवरील मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असतो, तेथे तर शाळेत जाणारे मूल साऱ्या घराचे वाचक आणि दुभाषी बनते. ज्या वयात मोठी माणसे इतर बाबतींत ‘तुला काय कळते’ म्हणून गप्प बसवितात, त्या वयात ह्या एका बाबतीत तिला विचारल्याशिवाय घराचे पान हलत नाही. ही जबाबदारी तिला जाणती करते. अशा मुलीच्या अभिप्रायात बहुधा आकार, वजन, तारा, हमीची मुदत ह्यांची नीट माहिती असते. कारण तिने ती वस्तू खरोखर हाताळलेली असते.

चौथी प्रेरणा न्यायबुद्धीची. किशोरवयात फसवणुकीची चीड विलक्षण तीव्र असते. चित्रात एक रंग आणि पेटीत दुसरा, सांगितलेले माप एक आणि आलेले दुसरे, परत पाठविण्याची विनंती तीन वेळा नाकारलेली, असे झाले म्हणजे प्रौढ ग्राहक पैसे गेले असे समजून गप्प बसतो; मुलगा बसत नाही. ‘मी फसलो, दुसरा फसू नये,’ ह्या एका वाक्यात त्याच्या साऱ्या अभिप्रायाचा आशय असतो. ही वृत्ती जपण्यासारखी आहे. महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी ह्यांनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तिच्याही मुळाशी हीच भावना होती: एकट्या ग्राहकाचे कोणी ऐकत नाही, तेव्हा ग्राहकांनी एकमेकांस सांगावे आणि संघटित व्हावे. मात्र चिडीच्या भरात लिहिताना मुलगा दोन गोष्टींची गल्लत करतो. वस्तू वाईट होती, की ती पोहोचविणारा उशिरा आला? शाई निकृष्ट होती, की बाटलीचे झाकण वाटेत सैल झाले? एकाच्या चुकीचा एक तारा दुसऱ्याच्या पदरात पडतो.

पाचवी प्रेरणा लाभाची, आणि येथे सावध राहिले पाहिजे. वस्तूच्या पेटीत एक चिठ्ठी निघते: 5 तारे द्या, त्याचे चित्र पाठवा, अमुक रुपये परत मिळवा. कधी सवलतीची कुपने असतात, कधी फुकट नमुना असतो, आणि ज्या मुलांचे व्हिडिओ पुष्कळ लोक पाहतात त्यांना वस्तूच भेट म्हणून येते. हातखर्चाला मोजके पैसे मिळणाऱ्या मुलास 50 रुपये थोडे वाटत नाहीत, आणि ह्यात काही गैर आहे असेही त्यास सुचत नाही. परंतु पैसे घेऊन दिलेली साक्ष ती साक्षच नव्हे, हे कोणत्याही कोर्टाच्या पायरीवर उभा असलेला मनुष्य सांगू शकेल. ह्याविषयी नियमही झाले आहेत. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास मनाई केली. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस 19000 : 2022’ हे मानक आरंभी ऐच्छिक स्वरूपात आणले, विकत घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असे त्यात सांगितले आहे. जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने आणखी स्पष्ट केले, की वस्तूची भलावण करणाऱ्यास पैसे, सवलत किंवा भेटवस्तू मिळाली असेल, तर त्याने ते लोकांना कळेल अशा रीतीने उघड सांगितले पाहिजे.

सहावी प्रेरणा सर्वांत सूक्ष्म आहे. ती म्हणजे आधीच जमलेला जमाव. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर ह्यांचा एक प्रयोग 2013 साली प्रसिद्ध झाला. लोक बातम्यांवर मते लिहितात आणि एकमेकांच्या मतांना गुण देतात अशा एका ठिकाणी त्यांनी एक लाखाहून अधिक मते घेतली आणि काहींना, कोणताही गुणदोष न पाहता, केवळ चिठ्ठी टाकल्याप्रमाणे आरंभीच एक अनुकूल गुण देऊन ठेवला. त्या एका गुणाच्या आधारावर पुढचे लोक भराभर अनुकूल होत गेले आणि अखेरीस त्या मतांचे गुण सरासरीने 25 टक्क्यांनी वाढलेले आढळले. मुद्दाम दिलेला प्रतिकूल गुण मात्र पुढील वाचकांनी बहुतांशी भरून काढला. म्हणजे खोटी निंदा कदाचित धुतली जाते, परंतु खोटी स्तुती वाढत जाते. प्रौढांची जर ही कथा, तर गटाबाहेर पडण्याच्या भीतीने ग्रासलेल्या वयाची काय असेल, हे निराळे सांगावयास नको.

सर्वांच्या मतांचा आदर करण्याची दुसरी रीत गडचिरोली जिल्ह्यातच पाहावयास मिळते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड वस्तीच्या गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, म्हणून त्याचे नाव देशभर झाले. त्या गावाची दुसरी ख्याती अशी, की तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने निर्णय घेते; आणि निर्णयाआधी अभ्यासगटात त्या विषयाचा खल होतो. ज्याला पटत नाही त्याचे ऐकून घेतले जाते, कारण त्याला पटल्यावाचून काम पुढे जावयाचे नसते. ताऱ्यांच्या सरासरीत नेमकी हीच गोष्ट हरवते. शंभरांत एकट्याने लिहिलेला ‘ह्याची वायर गरम होते’ हा अभिप्राय सरासरीत बुडून जातो, आणि कदाचित तोच एक वाचण्यासारखा असतो. आकड्याकडे न पाहता कारणाकडे पाहावे, ही सवय मुलांना लावावयाची तर उदाहरणासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही.

जी मुले मुळीच मत देत नाहीत, त्यांचाही विचार झाला पाहिजे. काहींच्या घरी एकच फोन असतो आणि तो वडिलांच्या खिशात असतो. काहींना लिहिण्याची भाषा आड येते. अशुद्ध लिहिले तर लोक हसतील असे त्यांना वाटते. मुलींना आपले नाव आणि छायाचित्र परक्यांच्या नजरेस पडण्याचे भय असते, आणि ते अनाठायी नाही. काहींचा अनुभव असा, की तक्रार करूनही कोणी ऐकले नाही, तेव्हा बोलून काय उपयोग? परिणामी बाजाराला जो ‘तरुणांचा आवाज’ म्हणून ऐकू येतो, तो सोय, धीटपणा आणि भाषा ज्यांच्यापाशी आहे त्यांचाच असतो. पूर पाहून परत गेलेल्या वस्तूची हकीकत भामरागडच्या मुलीने लिहिली नाही, तर तेथे ग्राहक राहतात हेच बाजाराला कळत नाही.

मुलांच्या मताचे मोल कोणाला द्यावे लागते, हे ताडोब्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोब्याच्या परिसरात, मोहर्ली, कोलारा अशा प्रवेशद्वारांच्या आसपासच्या गावांत, अनेक कुटुंबे पर्यटनावर पोट भरतात. कोणी वाटाड्या असतो, कोणी जिप्सी चालवितो, कोणी घरातील दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवतो. समजा, शहरातून एक कुटुंब आले. पहाटेच्या फेरीत सांबर दिसले, रानकुत्रे दिसले, मोहाच्या झाडाखाली अस्वलाचे ताजे ठसे दिसले, पण वाघ दिसला नाही. परतीच्या वाटेवर हिरमुसलेल्या मुलाने मुक्कामाच्या घराला एक तारा दिला आणि लिहिले, ‘वाघ दिसला नाही, पैसे वाया.’ त्या घरातील बाईने पहाटे 4 वाजता उठून चहा केला होता, अंथरूण स्वच्छ होते, जेवण चांगले होते. वाघाचे वचन तिने दिले नव्हते, आणि वाघ तिच्या आज्ञेत नाही. परंतु ज्या घराविषयी सारे मिळून 9 अभिप्राय आहेत, त्याची सरासरी त्या एका ताऱ्याने चटकन खाली येते. मोठ्या हॉटेलाला असा तारा टोचत नाही. लहान माणसाला तो लागतो. तो देणाऱ्या मुलाच्या मनात दुष्टपणा नव्हता. दुसऱ्या टोकाला कोणी माणूस आहे, एवढेच त्यास दिसत नव्हते.

मत देण्याचा हक्क मात्र मुलांपासून काढून घेणे हा ह्यावरील उपाय नव्हे. 20 जुलै 2020 पासून अमलात आलेल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाचे जे हक्क सांगितले आहेत, त्यांत आपले म्हणणे ऐकले जाण्याचा आणि ग्राहकशिक्षणाचा हक्कही आहे. गंभीर फसवणूक झाली असल्यास केवळ ताऱ्यांवर न थांबता पालकांनी मुलास बरोबर घेऊन 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तक्रार रीतसर कशी करावी, ह्याचा तो उत्तम धडा होईल. मुलांच्या खाजगी माहितीविषयीही कायद्याने विचार केला आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील व्यक्ती बालक मानली असून, तिची माहिती वापरण्यास पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती आवश्यक ठरविली आहे. तेव्हा अभिप्राय देताना शाळेचे नाव, घराचा पत्ता आणि पेटीवरील पार्सलची चिठ्ठी चित्रात येऊ देऊ नये, हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकविले पाहिजे.

खरे शिक्षण घरातच व्हावयाचे आहे, आणि त्यास खर्च लागत नाही. मुलाने तारे देण्यापूर्वी घरातील कोणीतरी त्यास चार-पाच प्रश्न विचारावेत. वस्तू स्वतः वापरलीस काय, आणि किती दिवस? दोष वस्तूचा, विकणाऱ्याचा की पोहोचविणाऱ्याचा? जे मिळाले नाही त्याचे वचन मुळात कोणी दिले होते काय? ह्या मताबद्दल तुला काही मिळणार आहे काय, आणि असल्यास ते तू सांगणार आहेस काय? आणि शेवटी, हेच वाक्य त्या दुकानदाराच्या समोर उभे राहून म्हणशील काय? शाळेतील मराठीच्या तासालाही ह्याचा उपयोग करून घेता येईल. ‘माझा आवडता ऋतू’ ह्या निबंधाऐवजी एखाद्या वेळी ‘मी वापरलेली एक वस्तू’ ह्यावर दहा ओळी लिहावयास सांगाव्यात: गुण दोन, दोष दोन, आणि ती कोणाच्या उपयोगाची व कोणाच्या नाही हे एका वाक्यात. ज्याला हे लिहिता येते, त्याला तोलून बोलता येते.

मात्र प्रश्न विचारणाऱ्याने ऐकलेही पाहिजे. घरात मुलाच्या मताला किंमत नसली, की ते मत परक्यांच्या लाइकमध्ये आपली किंमत शोधू लागते. ज्या घरात नवा पंखा घेताना बाबा मुलीला विचारतात आणि तिचे कारण पटल्यास आपला बेत बदलतात, त्या घरातील मुलीला बाजारात ओरडून बोलण्याची गरज कमी पडते.

झाडीपट्टीतल्या त्या शाळेच्या वाटेवर रोज सकाळी हाच धडा चालतो. नाटक ‘भिकार’ होते असे कोणी म्हटले, तर बरोबरचा दुसरा मुलगा लगेच विचारतो, ‘तू तर दुसऱ्या अंकात झोपला होतास!’ आणि हशा पिकतो. मग पहिला थोडा वरमून सांगतो, की दुसरा अंक लांबला हे खरे, पण शेवटचे गाणे पार मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू आले. त्या एका प्रश्नाने त्याचे मत सुधारते. मोबाइलच्या पडद्यावर तो प्रश्न विचारणारे कोणी नसते. म्हणून तो घरात विचारला गेला पाहिजे.